ऐकल्याची हिरवी खूण

आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी गावांत माझा आवाज ओळखणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो आवडत नाही. नार्नूरच्या बाजारात वांग्याचा भाव विचारला की बाई मान वर करून बघते. तुमीच ना ते फोनवाले, म्हणते, आणि सासूचं नाव रेशनच्या यादीतून काऊन गेलं ते मलाच विचारते. मी फक्त वाचून दाखवतो, असं मी सांगतो. एका म्हाताऱ्यानं त्यावर मला म्हटलं होतं, "मंग वाचता कायले?" वांगी न घेताच मी पुढे गेलो.

मी जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत संगणकाच्या विभागात आहे. आमच्याकडे लोकांना संदेश पाठवायची एक वेबसेवा आहे. मंडलातला, म्हणजे इकडच्या तालुक्यातला, कारकून तिच्या पानावर मजकूर लिहितो, गाव निवडतो, बटण दाबतो, आणि त्या गावच्या लोकांच्या फोनवर संदेश जातो. लसीकरण कधी, कापसाची खरेदी कुठं, दाखल्याचं शिबिर कोणत्या दिवशी, असलं सगळं. ही सेवा माझ्या हातात आली तेव्हा तिची दशा वाईट होती. अक्षरं मुंगीएवढी. आत शिरायच्या आधी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगणारं एक चित्र येई. नेरडीगोंड्याचा कारकून ते ओळखताना चष्मा काढायचा, घालायचा, पुन्हा काढायचा आणि शेवटी शिवी द्यायचा. संदेश जायचे तेलुगूत, नाहीतर इंग्रजीत. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांतली माझ्या वयाची माणसं मराठी शाळेत शिकलेली. त्यांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. संदेश आला की ते फोन घेऊन किराणा दुकानदाराकडे जायचे, आणि दुकानदाराला सवड असेल तेव्हा त्यांना सरकार काय म्हणतं ते कळायचं.

हे सुधारायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते मनापासून केलं. आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते आळसानं झालेलं नाही. आळसानं झालं असतं तर मला ते कमी लागलं असतं.

नार्नूरच्या आठवडी बाजारात खुर्ची टाकून मी लोकांना विचारलं की तुम्हाला संदेश कसा हवा. जो आला त्यानं एकच सांगितलं, आमाले वाचता येत नाई, फोन करा, आमच्या भाषेत बोला. मी ते लिहून घेतलं. बाजाराच्या त्या गलक्यात ज्याला ऐकू येत नाही तो माणूस माझ्या खुर्चीपाशी येणारच नव्हता, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग मी संदेशाला आवाज दिला. तेलुगूसाठी आमच्याच विभागातल्या एका बाई, गोंडीसाठी एक शिक्षक, आणि मराठीसाठी मी. अक्षरं मोठी केली, ते चित्र काढून टाकलं. नोंदणीच्या पानावर आधी दोन प्रश्न असायचे. भाषा कोणती, आणि संदेश लिहून हवा की बोलून. दुसऱ्या प्रश्नावर लोक अडायचे. शिवाय देवनागरीत लिहिलेला एक संदेश पाठवताना तुटून त्याचे दोन-तीन होतात आणि खर्च वाढतो, म्हणून मराठीला लेखी संदेश मिळणारच नव्हता. मी तो दुसरा प्रश्नच काढून टाकला. मराठी निवडलं की फोन. एक अडचण कमी झाली असं मला वाटलं.

आणखी एक गोष्ट मी केली. फोन उचलला आणि शेवटपर्यंत ठेवला नाही, तर त्या माणसाच्या नावासमोर हिरवी खूण यायची आणि लिहिलेलं असायचं, ‘संदेश पूर्ण ऐकला’. हे शब्द माझे. आमचे साहेब, ज्यांना आम्ही सगळे इकडच्या रीतीनं सार म्हणतो, हिरवं पान बघून खूश झाले. वरच्या बैठकीत त्यांनी ते पडद्यावर दाखवलं. त्या दिवशी मी घरी जाताना जिलबी नेली होती.

माझा मोठा भाऊ बाजारहत्नूर मंडलातल्या आमच्या गावात राहतो. तरुणपणापासून तो आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये यंत्रावर होता. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांच्या आवाजात त्याचे कान हळूहळू गेले. एका दिवसात गेले असते तर आम्ही दवाखाना केला असता. हळूहळू गेले म्हणून आम्ही त्याला ‘जरा उंच ऐकतो’ म्हणत राहिलो. बहिरा हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. तोही उच्चारत नसे. त्यानं दुसराच रस्ता काढला होता. समोरचा बोलायला लागला की तोंडाकडे बघायचं, योग्य जागी मान हलवायची, हो म्हणायचं, सगळे हसले की हसायचं. यात तो इतका तरबेज झाला की लग्नकार्यात त्याच्याशी तासभर गप्पा मारून उठलेल्या पाहुण्यालाही पत्ता लागत नसे.

जिनिंगमध्ये एकदा मागून कापसाच्या गाठींची गाडी येत होती. हमाल ओरडले, हा सरकला नाही. थोडक्यात वाचला. मुकादमानं त्याला माजोरडा ठरवून काढून टाकलं. मला ऐकू येत नाही, एवढं एक वाक्य बोलला असता तर काम राहिलं असतं, निदान दुसरं मिळालं असतं. तो बोलला नाही. माजोरडा म्हणवून घेतलं आणि गावी परत आला.

तेव्हापासून त्याच्या घराला मी हातभार लावत होतो. तो ते वहिनीच्या हातून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. लहानपणी मला खांद्यावर बसवून ओढा पार करून देणारा माणूस माझ्या उंबरठ्यावर यायचा बंद झाला.

वहिनीनं त्याला वळवायला कित्येक वर्षं घातली. कानाची तपासणी करून सर्टिफिकेट घे, स्वतःच्या नावाची पेन्शन येईल, कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. शेवटी तो तयार झाला. त्याची अर्जी मीच भरली, माझ्याच टेबलावर, माझ्याच नोंदणीच्या पानावर. भाषा मराठी. पुढे दुसरा प्रश्न नव्हता. माझं बोट पुढच्या बटणावर गेलं आणि मी त्याला अंगठा वर करून दाखवला.

कानाच्या तपासणीचं बोलावणं फोनवर जाणार होतं. बहिऱ्या माणसांना शिबिराची तारीख आम्ही बोलून सांगणार होतो. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकतो. तेव्हा साऱ्या कचेरीत ते कुणाच्याही मनात आलं नाही, आणि ज्याच्या घरात बहिरा माणूस होता त्याच्या तर मुळीच नाही.

फोन आला तेव्हा भाऊ चौकातल्या हॉटेलात चहा पीत होता. खिशात फोन थरथरला. चार माणसं बघत होती. त्यानं फोन कानाला लावला, मान हलवली, हो-हो, बरं, असं म्हणाला, आणि फोन आपोआप बंद होईपर्यंत कानाला धरून ठेवला. घरी वहिनीनं विचारलं तेव्हा सांगितलं, कंपनीवाले होते.

शिबिर होऊन गेलं. गावातली एक बाई सासूला डोळ्यांच्या दाखल्यासाठी घेऊन गेली होती, तिच्याकडून वहिनीला कळलं. ती मंडलाच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसानं पान उघडून दाखवलं. भावाच्या नावासमोर हिरवी खूण. दवाखान्यातल्या टेबलावर तर तिला हिंदीत ऐकवलं, "फोन पूरा सुना है, और बोलते बहरा है। ऐसे बहुत आते हैं।"

दुसऱ्या दिवशी ती दोघं आमच्या कचेरीत आली. वहिनी मला भाऊजी म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "साहेब, तुमच्या मशीनले विचारा, माह्या नवऱ्यानं काय आयकलं ते."

मी दोघांना सारांच्या खोलीत नेलं. माझा भाऊ आहे हे सांगितलं. त्याला खरंच ऐकू येत नाही हेही सांगितलं, पण दबक्या आवाजात, नात्यासाठी शब्द टाकावा तसं. सार वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्यासमोर हिरवी खूण होती, आणि ती खोटी आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, आत्ताच लावून बघू फोन.

पानावर चाचणीचा फोन लावायची सोय आहे. तयार संदेशांतला एखादा निवडायचा आणि नंबर टाकायचा. मी बसलो. आता मी जे निवडलं ते विचार करून निवडलं, हे मला लपवायचं नाही. शिबिराचा संदेश सोडून मी जनावरांच्या लसीकरणाचा लावला.

भावाच्या खिशात फोन थरथरला. मला वाटलं होतं तो माझ्याकडे बघेल, ऐकू येत नाही म्हणून हात हलवेल. ज्या खोलीत बहिरा असणंच त्याच्या कामाचं होतं, तिथं तरी तो सोंग सोडेल. त्यानं फोन काढला, पाठ सरळ केली आणि कानाला लावला. बाहेरच्या टेबलांवरची दोघं-तिघं दारात येऊन उभी राहिली. भाऊ मान हलवत होता. हो, म्हणाला. बरं, म्हणाला. मधे जिथं माझा आवाज थांबतो तिथंच तोही थांबत होता. त्यानं तो कधीच ऐकलेला नव्हता, तरी. फोन बंद झाला. पडद्यावर हिरवी खूण आली.

"काय म्हणाला फोन?" सारांनी हातवारे करून हिंदीत विचारलं.

भाऊ मोठ्यानं बोलतो, त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. "शिबिराचंच हाय. दवाखान्यात या म्हनते. येतो म्हनलं मी."

मी खुर्चीतून म्हणालो, "सार, हा जनावरांच्या लसीचा संदेश होता."

मग दारातला एक जण म्हणाला, "म्हंजे भाऊ आता गोऱ्हा घेऊन जातेत दवाखान्यात, कान तपासाले." सगळे हसले. सारही हसले. आणि सगळे हसतायत हे बघून माझा भाऊही हसला, नेहमीसारखा, त्यांच्याबरोबर.

वहिनीनं त्याच्या दंडाला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं, आणि ओठ सावकाश हलवत काय झालं ते सांगितलं. त्याचं हसू आधी तसंच राहिलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होतो.

काम झालं होतं. सारांनी पुढच्या शिबिरात त्याचं नाव घालायला सांगितलं. मशीनबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. सगळ्यांच्या लेखी निकाल असा लागला की हा माणूस ऐकू येत असल्याचं सोंग करतो, म्हणून मशीन फसलं. मला हे सोयीचं होतं. हिरवी खूण फोन उचलल्याचं सांगते, ऐकल्याचं सांगूच शकत नाही, ते शब्द माझे आहेत, लेखी संदेशाचा प्रश्न मी काढून टाकला आहे, हे सगळं त्या खोलीत सांगायची जागा होती. मी मशीनला खोटं पाडायला हवं होतं. मी भावाला पाडलं.

बाहेर आवारात भाऊ फाटकाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. वहिनी माझ्यासमोर थांबली.

"मशीन चुकते म्हनून सांगाले तुमच्या तोंडाले काय झालं होतं? अख्ख्या जिल्ह्याले बोलता ना रोज."

पुढच्या आठवड्यात मी गावी गेलो. मला बघून भाऊ उठला आणि घरामागच्या कपाशीत गेला. वहिनीनं पाणी दिलं, कारण दारी आलेल्याला पाणी न देणं आमच्यात होत नाही. चहाचं विचारलं नाही. मी उभ्यानंच विचारलं की संदेश कसा असावा. ती म्हणाली, आता विचारून राह्यले का. मग शेण थापता थापता, माझ्याकडे न बघता, सांगितलं. मराठीत लिहून. आधी तारीख, मग जागा, मग बाकीचं पुराण. आणि उत्तर लिहायला जागा, कारण ज्याला ऐकू येत नाही तो उलटा फोन करून विचारणार कसा.

त्यानंतर मी बाजारात खुर्ची टाकणं सोडलं. जी माणसं बाजारात येत नाहीत त्यांच्या घरी गेलो. कुणी चांगलं बोललं नाही. नेरडीगोंड्याच्या एका आंधळ्या बाईनं मला दाराबाहेरच उभं करून बजावलं, "आता लिहून पाठवतो म्हनून बोलनं बंद करसान. तुमी लोक एक हात देता, दुसरा तोडता." तिनंही मला आवाजावरूनच ओळखलं होतं.

मी सारांकडे गेलो. लेखी मराठी संदेश हवा, दोन्हींतलं काय हवं तो प्रश्न परत हवा, आणि ‘संदेश पूर्ण ऐकला’ हे शब्द काढून तिथं ‘फोन उचलला’ एवढंच हवं. आणि हिरवी नको, राखाडी खूण. ते खर्चाबद्दल बोलले नाहीत, हिरव्याबद्दल बोलले. वर दाखवलेलं पान खोटं होतं असं आता म्हणायचं का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तर तसं तुम्ही लिहून द्या, ते म्हणाले, तुमच्या दस्तखतीनं. मी लिहून दिलं. जे खोलीत सगळ्यांसमोर बोलायचं होतं ते कागदावर, एका फायलीत, जी कुणी उघडत नाही. तेव्हापासून दुपारच्या चहाला सार मला हाक मारत नाहीत. विभागात माझं नाव ‘राखाडी’ पडलं आहे. पान मात्र बदललं. लोकांनी पाठवलेलं उत्तर आल्या क्रमानं पानाच्या अगदी वर, लाल रंगात राहील, आणि कुणीतरी त्याला उत्तर लिहीपर्यंत तिथून हलणार नाही, अशी सोय मी मुद्दाम केली. नाहीतर कारकून बघत नाहीत.

पुढच्या शिबिराचा संदेश गेला तेव्हा मी सकाळपासून पानासमोर बसून होतो. भावाला देवनागरीत गेला. तारीख, मग जागा. दुपारी पानाच्या डोक्यावर पहिली लाल ओळ आली. नंबर पाठ होता.

‘येतो. फोन करू नका.’

मला तो आयुष्यभर अरे-तुरे करत आला. हे ‘नका’ कचेरीला होतं. त्या पानाच्या मागे मी बसलेला असतो हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

तो गेला. मी त्या दिवशी दवाखान्याकडे फिरकलो नाही. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायला सांगतात, एवढं मला माहीत आहे. वहिनीनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं की बराच वेळ त्यानं बटणावर बोट ठेवलं होतं, आणि दाबलं नाही. सर्टिफिकेट झालं. पेन्शन त्याच्या नावानं सुरू झाली आणि माझ्याकडून जे जायचं ते वहिनीनं बंद करायला सांगितलं. तो अजून माझ्या घरी आलेला नाही.

बाकीच्या लाल ओळी येतात, कारकून उत्तरं लिहितात, त्या खाली जातात. भावाची ओळ मी कुणाला हात लावू दिलेली नाही. कार्यालयाकडून ‘नोंद घेतली’ असा तयार मजकूर आहे, एका बटणानं जातो. रोज सकाळी पान उघडलं की ती ओळ सगळ्यांच्या वर असते. सारांनी एकदा विचारलं की ही एक काऊन पडून आहे. मी म्हणालो, उत्तर लिहायचं आहे.